ट्रेकिओस्टॉमी असलेल्या मुलाच्या ट्यूबमधून रक्त येतं तेव्हा: पालकांचे नेहमीचे प्रश्न

ट्रेकिओस्टॉमी झालेल्या, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत ट्यूब बसवलेल्या मुलाला घरी सांभाळणारे आईवडील, आजीआजोबा आणि काळजीवाहू मावश्या रक्ताबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी वेगळं काही लिहून दिलं असेल तर ते आधी पाळा. आणि या क्षणी ट्यूबमधून ताजं लाल रक्त वाहत असेल तर वाचत बसू नका, थेट प्रश्न ८ गाठा.

१. सक्शन करताना कफात गुलाबी रेघ दिसली. लगेच हॉस्पिटलला न्यायचं का?

सक्शननंतर (म्हणजे मशीनला जोडलेली बारीक नळी, कॅथेटर, ट्यूबमध्ये घालून कफ ओढून काढल्यावर) एकदोनदा फिकट गुलाबी कफ किंवा रक्ताची बारीक रेघ दिसली, मूल खेळतंय, श्वास नेहमीसारखा आहे, ऑक्सिमीटरवरचा आकडा रोजचाच आहे, तर धावपळीची गरज नाही. श्वासनलिकेचं आतलं अस्तर फार नाजूक असतं. कॅथेटरचं टोक घासलं, खोकल्याची मोठी उबळ आली किंवा हवा कोरडी झाली, तरी ते ओरखडतं. पुढची दोनतीन सक्शन्स नीट खोली मोजून करा (प्रश्न ३), ओलाव्याकडे लक्ष द्या (प्रश्न ४) आणि रंग फिका होत जातोय का ते पाहा. दिवसभरात फिका झाला नाही, किंवा दर सक्शनला रक्त येतच राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तारीख, वेळ, रंग लिहून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. ‘थोडं लाल होतं’ या शब्दांपेक्षा डॉक्टरांना फोटोतून जास्त कळतं.

२. रक्त येतं तरी नेमकं कुठून?

चार जागा लक्षात ठेवा. पहिली, गळ्यावरचं छिद्र आणि त्याच्या कडा. तिथे वाढलेलं मास, पट्टीचा घास किंवा जंतुसंसर्ग असतो. दुसरी, ट्यूबच्या टोकाजवळची श्वासनलिकेची भिंत. सक्शनची इजा बहुधा इथेच होते, आणि ट्यूबचं टोक सतत टेकत असेल तर इथेच व्रण पडतो. तिसरी, फुप्फुसं: न्यूमोनिया, क्षयरोग, जुनाट संसर्गाने रुंदावलेल्या श्वासवाहिन्या, काही हृदयविकार. चौथी जागा श्वासमार्गाच्या बाहेर असते. नाक, दात किंवा जठरातलं रक्त खाली उतरून ट्यूबमध्ये दिसतं (प्रश्न १६).

घरी दिसणारं बहुतेक रक्त पहिल्या दोन जागांचं असतं आणि किरकोळ असतं. मात्र ट्यूबच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला अगदी लागून, एक मोठी धमनी आडवी जाते. तिला इनॉमिनेट धमनी म्हणतात. क्वचित या दोन्हींमधली भिंत झिजते. असं फार थोड्या मुलांत होतं, पण झालं तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. या पानावर काही गोष्टी इतक्या ठासून सांगितल्या आहेत त्या याच धमनीमुळे.

३. सक्शनमुळेच जखम होते म्हणता, मग सक्शन कमी केलं तर चालेल?

लागेल तेव्हा सक्शन करायलाच हवं, कारण साचलेला कफ ट्यूब बंद करतो. बदलायची ती पद्धत. वारंवार रक्त येण्याचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा एकाच गोष्टीत सापडतं: कॅथेटर ‘अडेपर्यंत’ आत घालणं. अडतं याचा अर्थ टोक आतल्या भिंतीवर आपटलं. दर खेपेला त्याच जागी आपटलं की तिथे आधी ओरखडा पडतो, मग व्रण होतो आणि शेवटी मास वाढतं.

खोली ठरवण्याची सोपी रीत अशी. घरात ठेवलेली त्याच नंबरची, त्याच लांबीची जादा ट्यूब वापरत असलेल्या ट्यूबशेजारी धरून लांबी तीच असल्याची खात्री करा. तिच्यात कॅथेटर घाला आणि टोक पलीकडून जेमतेम बाहेर दिसेपर्यंत सरकवा. अर्ध्या सेंटिमीटरहून पुढे नको. ट्यूबच्या तोंडाशी कॅथेटरवर जो आकडा येतो तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवा. मापून झाल्यावर जादा ट्यूब पुन्हा स्वच्छ करून ठेवा. पुढे ट्यूबचा नंबर किंवा कंपनी बदलली तर हा आकडाही बदलतो, आणि घराघरांत नेमकं हेच विसरलं जातं. रात्री सांभाळायला येणारी मावशी, सुट्टीत आलेली आत्या, सगळ्यांना आकडा माहीत असू द्या.

कॅथेटरचा नंबर साधारण ट्यूबच्या नंबरच्या दुप्पट असतो. ४ नंबरच्या ट्यूबला ८ नंबरचा. मशीनचा दाब मुलांसाठी ८० ते १०० मिमी पारा पुरतो. दाब वाढवल्याने घट्ट कफ लवकर निघत नाही, अस्तर मात्र ओढलं जातं. कॅथेटर बोटांत फिरवत बाहेर काढा आणि आत जाऊन बाहेर येईपर्यंत पाच सेकंदांच्या वर वेळ लावू नका. घड्याळ लावून ‘दर दोन तासांनी सक्शन’ करण्यापेक्षा घरघर, बुडबुडे, अस्वस्थपणा किंवा घसरणारा आकडा पाहून सक्शन करणं केव्हाही चांगलं. मूल शांत झोपलेलं असेल तर सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी एकेकदा ट्यूब मोकळी असल्याची खात्री करा. दर सक्शनला आत सलाइन टाकायची सवय असेल तर ती सोडा. कफ खरोखर घट्ट असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हाच थोडे थेंब टाका.

४. उन्हाळ्यात आणि एसीत जास्त रक्त दिसतं. हा योगायोग आहे का?

योगायोग नाही. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाक हवेला गरम आणि ओलं करून आत सोडतं. ट्यूब असलेल्या मुलाची हवा नाकाला वळसा घालून सरळ श्वासनलिकेत जाते. कोरड्या हवेने कफ वाळतो, त्याच्या खपल्या भिंतीला चिकटतात आणि त्या निघाल्या की खालून रक्त येतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या हवेत, एसीच्या खोलीत किंवा ऑक्सिजन ओलावा न देता लावला असेल तर हे चटकन होतं. कोकणात पावसाळ्यात हाच त्रास कमी जाणवतो.

ट्यूबवर बसवायचं ओलावा राखणारं फिल्टर, म्हणजे ‘कृत्रिम नाक’, दिवसभर वापरा. ते रोज बदला, कफाने भिजलं तर लगेच. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनचं नेब्युलायझेशन करा आणि मुलाला पुरेसं पाणी किंवा दूध मिळतंय ना ते पाहा. डेझर्ट कूलरने ओलावा वाढतो हे खरं, पण त्याच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कूलर वापरायचाच असेल तर पाणी रोज बदला, टाकी घासा आणि वाऱ्याचा झोत थेट गळ्यावर येऊ देऊ नका. उकळत्या पाण्याची वाफ ट्यूबसमोर कधीही धरू नका, भाजण्याचा धोका असतो.

कफात रक्त असताना मात्र कृत्रिम नाक काढून ठेवा. रक्ताने भिजलं की तेच श्वास अडवतं. अशा वेळी ओलावा नेब्युलायझरने द्या.

५. डॉक्टर म्हणाले ‘आत मास वाढलंय’. हा ट्यूमर आहे का?

ट्यूमर नाही, कॅन्सरशीही याचा संबंध नाही. शरीर आत असलेल्या ट्यूबला परकं समजतं. सतत घासलं जाण्याला उत्तर म्हणून तिथे लाल, मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेला उतींचा गोळा वाढतो. तो छिद्राच्या कडेला, छिद्राच्या वर श्वासनलिकेच्या आत किंवा ट्यूबच्या टोकाशी असू शकतो. हात लागला तरी त्यातून रक्त येतं.

छिद्राच्या कडेचा गोळा बाहेरून दिसतो. त्यावर स्टिरॉइड असलेले थेंब किंवा मलम देतात, कधी दवाखान्यात सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात. ती काडी घरी वापरू नका, आत रस गळला तर श्वासनलिका भाजते. टोकाजवळचा गोळा जास्त त्रासाचा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, कॅथेटर अडकतो, मान एका विशिष्ट बाजूला वळवली की मूल अस्वस्थ होतं. तो दुर्बिणीतूनच दिसतो. कधी वेगळ्या लांबीची ट्यूब घालून टोकाची जागा बदलली तरी तो बसतो, कधी शस्त्रक्रियेने काढावा लागतो. छिद्राच्या वरचा लहान गोळा त्रास देत नसेल तर डॉक्टर तो तसाच ठेवतात. हे ऐकून पालकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण निर्णय योग्य असतो. काढलेला गोळा ट्यूब आहे तोवर पुन्हा वाढू शकतो.

६. ट्यूब बदलताना दर वेळी दोन थेंब रक्त येतं. चालेल?

दोन थेंब, आणि तेही काही मिनिटांत थांबणारे, चालतील. जेल लावा, खांद्याखाली गुंडाळी देऊन मान सरळ करा आणि ट्यूब तिच्या वळणाप्रमाणे घाला, ढकलू नका. दर वेळी ट्यूब अडते, रक्त वाढत चाललंय किंवा नवी ट्यूब घातल्यावर मुलाला श्वास घेता येत नाही असं दिसलं, तर घरी बदलणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

७. कफ पिवळा-हिरवा झालाय आणि त्यात रक्त आहे. घरातलं अँटिबायोटिक सुरू करू?

नका करू. ट्यूब असलेल्या जवळपास प्रत्येक मुलाच्या श्वासनलिकेत जंतूंची वस्ती असते. कफ तपासायला दिला की स्यूडोमोनास वगैरे नाव येतंच, पण नुसतं नाव आलं म्हणून औषध लागत नाही. कफ वाढला, त्याला वास येऊ लागला, ताप आला, ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि सोबत रक्तही आहे, तेव्हा तो खरा संसर्ग समजून उपचार होतात. सुजलेल्या अस्तरातून रक्त सहज येतं आणि संसर्ग उतरला की थांबतं. उरलेल्या गोळ्या देऊन पुढच्या खऱ्या आजारातलं औषध निकामी करू नका.

८. अचानक भरपूर लाल रक्त आलं. त्या क्षणी काय करायचं?

मोठ्याने हाक मारून दुसऱ्या माणसाला बोलवा. त्याने १०८ ला फोन करून सांगायचं: ‘गळ्यात ट्रेकिओस्टॉमीची ट्यूब असलेलं मूल आहे, ट्यूबमधून ताजं रक्त येतंय.’ गाडी दारात असेल आणि हॉस्पिटल जवळ असेल तर निघा, पण सक्शन मशीन, आंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ट्यूबची पिशवी (प्रश्न १४) सोबत हवीच.

तुम्ही मुलाजवळ राहा. स्पीकिंग व्हॉल्व्ह (बोलता यावं म्हणून लावलेली झडप), टोपण, कृत्रिम नाक, जे ट्यूबवर असेल ते काढा. सक्शन करा आणि लागेल तितक्या वेळा करत राहा, दोन सक्शन्सच्या मध्ये ऑक्सिजन द्या. या वेळी पहिला धोका गुठळीचा असतो. लहान मुलाच्या ट्यूबचं भोक इतकं अरुंद असतं की चमचाभर रक्ताची गुठळीसुद्धा ते बंद करते. कॅथेटर आत जात नाही, मूल निळं पडतंय किंवा छाती हलत नाही, तर ट्यूब बंद झाली आहे. ती तत्काळ काढून नवी घाला. त्याच नंबरची जात नसेल तर एक नंबर लहान घाला.

ट्यूबमधून श्वास चालू असेल तर मात्र रक्त कितीही येत असलं तरी ट्यूब काढू नका. आत जाण्याची तीच एक वाट आहे. ट्यूबला फुगा (आतल्या टोकाजवळचा फुगवता येणारा भाग) असेल तर तो रिकामा करू नका. फुगलेला फुगा फुप्फुसांत उतरणारं रक्त अडवतो, कधी फाटलेली जागा दाबूनही धरतो. रक्त येत असताना फुग्यात आणखी किती भरायचं हे तुमच्या डॉक्टरांनी शिकवलं असेल तर तेवढं भरा.

तोंडातून किंवा पोटाच्या नळीतून दूध, पाणी काहीही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. श्वास थांबला तर आंबू बॅग ट्यूबला जोडून श्वास द्या आणि शिकवल्याप्रमाणे छाती दाबायला लागा.

९. चमचाभर लालभडक रक्त आलं आणि पाच मिनिटांत आपोआप थांबलं. आता मूल छान खेळतंय. तरीही न्यायचं?

हो, आजच, आत्ताच. रक्त थांबलं म्हणजे धोका टळला, हा समज सगळ्यात घातक आहे. प्रश्न २ मधली धमनी फाटण्याआधी साधारण निम्म्या रुग्णांत असंच थोडं रक्त येऊन थांबतं. मग काही तास, काही दिवस, कधी त्याहून जास्त काळ सगळं शांत असतं. वाचवण्याची संधी याच काळात असते.

हा प्रकार ऑपरेशननंतर पहिल्या तीनचार आठवड्यांत जास्त होतो. मुलांमध्ये मात्र तो महिन्यांनी आणि वर्षांनीही होऊ शकतो. पाठीचा कणा वाकडा असलेली, छातीचा आकार बदललेली, स्नायू किंवा मेंदूच्या आजारामुळे मान मागे ताणून धरणारी मुलं यात जास्त असतात, कारण त्यांच्यात धमनी आणि ट्यूब एकमेकींना टेकतात. मूल वाढतं तशी ही जवळीक बदलते, म्हणून ‘चार वर्षं काही झालं नाही’ याचा आधार घेता येत नाही. ट्यूब नाडीच्या ठेक्यावर उडताना दिसली तर रक्त आलेलं नसतानाही डॉक्टरांना कळवा.

सक्शनचं कारण नसताना आलेलं ताजं लाल रक्त किंवा गुठळ्या दाखवायलाच हव्यात. दहा वेळा काहीच निघालं नाही तरी अकराव्या वेळी दाखवा. जुजबी पाहून ‘सक्शनचं असेल’ म्हणत घरी पाठवू लागले, तर ‘दुर्बिणीतून ट्यूबचं टोक पाहाल का?’ असं सरळ विचारा. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१०. किती रक्त म्हणजे ‘जास्त’?

मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिली रक्त असतं. पाच किलोच्या बाळात ते ४०० मिली भरतं, म्हणजे त्याच्यासाठी आठ चहाचे चमचे हा दहावा हिस्सा झाला. उलट कफात मिसळलेलं थोडं रक्त डब्यात भरपूर दिसतं. त्यामुळे डब्यातल्या आकड्यापेक्षा रंग, वेग आणि मुलाकडे पाहा. फिकट पडणं, थंड हातपाय, जोरात धडधडणारी छाती, सुस्ती यांतलं काहीही दिसलं तर प्रश्न ८.

११. हॉस्पिटलमध्ये काय तपासतात? आत काय चालतं ते कोणी नीट सांगत नाही.

आधी श्वास सुरक्षित करतात, मग ट्यूबमधून बारीक लवचीक दुर्बीण घालून भिंत, टोकाची जागा आणि खालच्या वाटा पाहतात. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि गोठण्याच्या वेळा असतात. धमनीचा संशय असेल आणि मूल स्थिर असेल तर रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करतात. मूल स्थिर नसेल तर स्कॅनची वाट न पाहता ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, आणि ते बरोबरच आहे.

उपचार कारणाप्रमाणे होतात. ओरखड्याला विश्रांती आणि ओलावा, संसर्गाला औषध, टोकाच्या व्रणाला वेगळ्या लांबीची ट्यूब. रक्त थांबायला काही वेळा ट्रानेक्झॅमिक ॲसिड नेब्युलायझरने देतात. धमनी फाटली असेल तर डॉक्टर ट्यूबचा फुगा जास्त फुगवून किंवा छिद्रातून बोट घालून धमनी छातीच्या हाडावर दाबून धरतात आणि तसेच थिएटरमध्ये नेतात. तिथे छाती उघडून धमनी बांधतात. हे सगळीकडे होऊ शकत नाही. म्हणून बालकांचं आयसीयू, कान-नाक-घशाचे सर्जन आणि छातीचे सर्जन तिन्ही एका छताखाली असलेलं सर्वांत जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आज शांतपणे विचारून लिहून ठेवा.

१२. ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेत आणि पट्टी लाल झाली आहे.

मूल अजून वॉर्डात असेल, तेव्हा लगेच नर्सला दाखवा. पहिल्या दिवसांत कातडीतल्या छोट्या शिरांतून किंवा थायरॉइडच्या कडेतून रक्त झिरपतं. बरेचदा ते पट्टीच्या दाबाने थांबतं, कधी शीर बांधावी लागते. या काळात छिद्राची वाट पक्की झालेली नसते, म्हणून ट्यूबला घरच्यांनी हात लावायचा नाही. प्रश्न ८ मधली ट्यूब बदलण्याची कृती पहिला बदल डॉक्टरांनी केल्यानंतरच्या काळासाठी आहे.

१३. सासूबाई म्हणतात छिद्रावर हळद किंवा तुरटी लावा.

त्यांची माया खरी आहे, पण गळ्यावरच्या या जखमेतून वाट थेट फुप्फुसात जाते. हळदपूड, तुरटी, टाल्कम पावडर, कापूस, यांतलं काहीही श्वासाबरोबर आत ओढलं जाईल. छिद्राभोवती सलाइन आणि न सुटणाऱ्या धाग्याचा गॉज, एवढंच.

१४. आमच्याकडे तासन्‌तास लाइट जाते आणि हॉस्पिटल दोन तासांवर आहे.

मग बॅटरीवर चालणारं सक्शन मशीन आणि एक हाताने किंवा पायाने चालवायचं मशीन घरात हवंच. बॅटरी दर आठवड्याला खरोखर चालवून पाहा. पिशवीत त्याच नंबरची एक आणि एक नंबर लहान अशा दोन ट्यूब, बांधायच्या पट्ट्या, कात्री, जेल, कॅथेटर, सलाइनच्या छोट्या बाटल्या, आंबू बॅग, ऑक्सिमीटर आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत ठेवा. वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयाला आधीच भेट देऊन मुलाची माहिती द्या. लांब राहणाऱ्यांनी प्रश्न ९ मधल्या रक्तासाठी सकाळ होण्याची वाट पाहू नये.

१५. मुलाला हृदयाच्या ऑपरेशननंतर ॲस्पिरिन चालू आहे. रक्त आलं तर बंद करू?

स्वतःहून नाही. शंट किंवा झडपेसाठी दिलेलं औषध अचानक थांबलं तर गुठळी होऊन दुसरंच संकट उभं राहतं. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, तेच ठरवतील. अशा मुलाला तापासाठी आयबुप्रोफेन देऊ नका. पावसाळ्यात ताप आणि ट्यूबमधून रक्त असं एकत्र आलं, तर कोणत्याही मुलाची डेंग्यूची आणि प्लेटलेटची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

१६. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं होतं. ट्यूबमधलं तेच असेल का?

असू शकतं, विशेषतः दात पडण्याच्या वयात, किंवा मूल गिळताना आत ओढत असेल तर. रक्त आधी तोंडात-नाकात आणि मग ट्यूबमध्ये दिसलं, आणि वरचं थांबल्यावर ट्यूबमधलंही थांबलं, तर शक्यता मोठी. कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी-काळं येत असेल तर ते जठरातलं असू शकतं. पोटाच्या नळीतही तसंच दिसतंय का पाहा आणि डॉक्टरांना कळवा.

१७. कफ लाल-नारिंगी आहे, पण तपासणीत रक्त नाही म्हणतात. हे काय?

क्षयरोगाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर कफ, लघवी, अश्रू सगळंच नारिंगी होतं. त्याने अपाय होत नाही. बीट, डाळिंबाचा रस किंवा रंगीत सरबत घेतल्यावर कफ त्या रंगाचा होत असेल तर मात्र रक्त नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. तोंडातलं अन्न श्वासनलिकेत उतरतंय असा त्याचा अर्थ. तोंडाने देणं थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्या.

१८. ट्यूब कायमची काढली. आता छिद्रातून रक्त दिसतंय.

पहिल्या दिवसांत छिद्र मिटताना कडेला रक्ताचा ठिपका पट्टीवर येतो, तेवढं ठीक. खोकल्यातून रक्त येणं, श्वासाला आवाज येणं किंवा छातीचे स्नायू आत ओढले जाणं ठीक नाही. छिद्राच्या वर राहिलेला मासाचा गोळा (प्रश्न ५) वाट अडवत असू शकतो, त्यामुळे मुलाला त्याच हॉस्पिटलमध्ये तातडीने परत न्या. अरुंद झालेलं छिद्र घरी चाचपून पाहू नका आणि जुनी ट्यूब पुन्हा घालायचा प्रयत्न करू नका. श्वास बंदच पडू लागला आणि डॉक्टरांनी तसं शिकवलेलं असेल, तरच लहान नंबरची ट्यूब घाला.